उजळणी पाठ आहे, पण सात म्हणजे किती?

ज्युनिअर केजीतलं मूल एक ते शंभर आकडे न अडखळता म्हणून दाखवतं, तेव्हा घरच्यांना आनंद होणं साहजिक आहे. पण त्याच मुलासमोर वीसेक चिंचोके पसरून ‘यातले सात मला दे’ म्हटलं, तर काय होतं? तीन-साडेतीन वर्षांची बहुतेक मुलं, आणि चार वर्षांचीही बरीच, हाताला येतील तेवढे चिंचोके उचलून देतात. ‘मोजून बघ बरं’ म्हटलं तर ती एकेका चिंचोक्यावर बोट ठेवत ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ असं बरोबर मोजतातही. मात्र ‘मग किती झाले?’ असं विचारलं की उत्तर न देता पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. मोजताना शेवटी येणारा आकडा हा सगळ्या ढिगाचा असतो, हे त्यांना अजून उमगलेलं नसतं. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झालं आणि नंतर अनेकांनी ते पुन्हा पडताळून पाहिलं. मुलाला आधी फक्त ‘एक’ कळतो, काही महिन्यांनी ‘दोन’, आणखी काही महिन्यांनी ‘तीन’. आणि मग केव्हातरी मोजण्याचं मर्मच त्याच्या ध्यानात येतं. उजळणी तोंडपाठ असणं आणि संख्या कळणं यांत इतकं अंतर असतं. पण बाहेरून पाहणाऱ्याला उजळणी ऐकू येते, संख्या कळली की नाही ते दिसत नाही.

बालवाडीच्या वयातल्या शिक्षणाचा खरा घोळ इथे आहे. पालकांना दिसते ती वही. गिरवलेली पानं, ताईंनी दिलेली चांदणी, पाठ झालेल्या कविता. फी भरणाऱ्या आईवडिलांना काहीतरी हाती लागल्यासारखं वाटतं आणि शाळेलाही दाखवायला काहीतरी मिळतं. म्हणून वर्षागणिक वह्या वाढत जातात, आणि नर्सरीतल्या तीन वर्षांच्या मुलालाही गृहपाठ येतो. माझं म्हणणं असं की तीन ते सहा या वयात मुलाचं शिकणं प्रामुख्याने एका गोष्टीवर ठरतं: हातात एखादी वस्तू किंवा समोर एखादी घटना असताना जवळचं मोठं माणूस त्याच्याशी किती आणि कसं बोलतं, त्याचं म्हणणं किती ऐकतं, आणि ते ऐकून पुढचं वाक्य काय उच्चारतं. घरालाही हे लागू आहे आणि बालवाडीलाही. आणि वहीचं ओझं या देवाणघेवाणीचाच वेळ खातं.

आधी आकड्यांचंच पाहू, कारण गणिताबद्दलचा पुरावा चांगला भक्कम आहे. २००७ मध्ये ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी सहा मोठ्या दीर्घकालीन पाहण्यांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा शाळेत पाऊल ठेवताना मुलाला असलेली संख्येची समज ही पुढच्या शालेय यशाची सर्वांत ठळक खूण ठरली. ही समज येते कुठून? सुसान लेव्हिन यांच्या गटाने शिकागोत ४४ घरांतली, चौदा ते तीस महिन्यांच्या मुलांशी होणारी रोजची बोलणी ध्वनिचित्रित केली. एकूण साडेसात तासांच्या चित्रणात एखाद्या घरात आईवडिलांच्या तोंडून संख्येचे शब्द जेमतेम चार वेळा आले, तर दुसऱ्या घरात २५७ वेळा. जास्त ऐकलेली मुलं चौथ्या वर्षाच्या आसपास ‘सात म्हणजे किती’ यात पुढे होती. पुढच्या विश्लेषणात असंही दिसलं की डोळ्यांसमोरच्या वस्तूंबद्दल, आणि त्यातही चार ते दहा या थोड्या मोठ्या संख्यांबद्दल झालेलं बोलणं अधिक उपयोगी पडतं. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. संख्यांबद्दल बोलणाऱ्या घरांत इतरही काही वेगळं असू शकतं. म्हणून रॉबर्ट सिग्लर आणि गीता रमणी यांचा २००८ चा प्रयोग महत्त्वाचा. त्यांनी गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना एक ते दहा आकड्यांच्या सरळ पट्टीवर सोंगटी पुढे नेण्याचा खेळ दिला. दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी सुमारे पंधरा मिनिटं. सोंगटी तीनवर असेल आणि दोन घरं पुढे जायचं असेल, तर मुलाने ‘चार, पाच’ असं मोठ्याने म्हणायचं. दुसऱ्या गटाला तसाच पट दिला, पण घरांवर आकड्यांऐवजी रंग. आकड्यांच्या पटावर खेळलेली मुलं संख्या ओळखणं, मोजणं, लहान-मोठी संख्या सांगणं या सगळ्यात पुढे गेली आणि नऊ आठवड्यांनीही ती प्रगती टिकून होती. रंगांवर खेळलेल्यांत असा फरक पडला नाही.

हे आपल्या घरात आणायला काहीच विकत घ्यावं लागत नाही. पुठ्ठ्यावर दहा चौकोन आखून त्यांत एक ते दहा आकडे लिहिले की पट तयार, आणि सोंगटीला गजगा चालतो. ताटं मांडताना ‘आज आजी नाही जेवायला, मग किती वाट्या घ्यायच्या?’ असं विचारलं की मुलाला वजाबाकीचा पहिला अनुभव मिळतो, तोही कारणासकट. मराठी मुलाला याची गरज जरा अधिकच आहे, कारण आपले एकवीस ते नव्व्याण्णव हे संख्यांचे शब्द बरेचसे अनियमित आहेत. एकोणसाठ ऐकून मुलाला पन्नास आणि नऊ दिसत नाहीत. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी जोड दिली तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला, पण अडचण खरी होती हे त्या वादात बाजूला पडलं. संख्येचा अर्थ वस्तूंमधून पक्का झालेला असेल तर हे अवघड शब्द पुढे पेलतात. नुसत्या उजळणीच्या जोरावर आलेलं मूल मात्र पहिली-दुसरीत हातच्याच्या बेरजेपाशी अडतं, आणि मग ‘याचं गणित कच्चं आहे’ असा शिक्का बसतो.

भाषेचंही असंच आहे. मुलाच्या कानावर शब्द पडले पाहिजेत, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. १९९५ मध्ये हार्ट आणि रिस्ली यांनी गरीब आणि सुखवस्तू घरांतल्या मुलांनी ऐकलेल्या शब्दांतला फरक कोट्यवधींत मांडला आणि ती संख्या जगभर गाजली. त्यांचा नमुना अवघ्या ४२ कुटुंबांचा होता आणि गरीब घरांना दोषी ठरवण्यासाठी ती संख्या सर्रास वापरली गेली, अशी टीका झाली. ती मला पटते. शब्दांच्या बेरजेपेक्षा महत्त्वाचं काय आहे, ते पुढच्या कामातून कळलं. २०१८ मध्ये रेचल रोमिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टन परिसरातल्या चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरातलं बोलणं नोंदवलं आणि गोष्ट ऐकत असताना त्यांच्या मेंदूची प्रतिमाही घेतली. मेंदूतल्या भाषेशी निगडित भागाच्या सक्रियतेशी संबंध दिसला तो मूल आणि मोठं माणूस यांच्यात आळीपाळीने किती बोलणं होतं याचा. घरचं उत्पन्न आणि कानावर पडणाऱ्या शब्दांची एकूण संख्या हिशेबात धरूनही तो टिकला. दिवसभर चालू असलेल्या दूरचित्रवाणीतून शब्द कितीही पडोत, ती मुलाला उलट प्रश्न विचारत नाही.

आळीपाळीचं बोलणं म्हणजे नेमकं काय, ते जवळून पाहण्यासारखं आहे. आई मटार सोलते आहे आणि मूल शेजारी बसलं आहे. ‘हे काय आहे?’ ‘मटार.’ ‘रंग कोणता?’ ‘हिरवा.’ ही झाली तोंडी परीक्षा. दोन शब्दांत संपली. आता दुसरी तऱ्हा. मूल म्हणतं, ‘यात छोटे छोटे पण आहेत.’ आई म्हणते, ‘हो की! ते का बरं राहिले असतील छोटे?’ ‘त्यांना जागा नाही मिळाली.’ ‘जागा नाही मिळाली? मग मोठ्यांनी काय केलं?’ ‘ढकललं.’ इथे मूल निरीक्षण करतं, कारण सांगतं, घडून गेलेल्याबद्दल बोलतं. उत्तर शास्त्राला धरून आहे की नाही, हा या क्षणी दुय्यम प्रश्न. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये दाखवलं की चित्रांचं पुस्तक वाचताना आईवडिलांनी नुसतं वाचून न दाखवता असे मोकळे प्रश्न विचारले आणि मुलाचं वाक्य थोडं वाढवून त्यालाच परत दिलं, तर महिन्याभरात मुलाच्या बोलण्यात मोजण्याइतका फरक पडतो. पुस्तक नसेल तर मटार, बसची खिडकी, अंगणातल्या मुंग्या चालतात.

मग लिहिण्याचं काय? लिहिणं यायलाच हवं, पण त्याच्या आधी दोन गोष्टींची तयारी लागते: कान आणि हात. १९८३ मध्ये ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी दाखवलं की चार-पाच वर्षांच्या वयात शब्दांतले सारखे आवाज ओळखता येणारी मुलं पुढे वाचनात सरस ठरतात, आणि हे कौशल्य शिकवलं तर वाचन सुधारतं. आपल्याकडच्या भेंड्या, यमकांची बडबडगीतं, ‘क पासून काय काय?’ हे खेळ नेमकं हेच करतात. कमळ, कप, कणीस यांची सुरुवात सारखी ऐकू येणाऱ्या मुलाला ‘क’ हे चिन्ह कशासाठी आहे ते कळतं. न ऐकू येणाऱ्याला ते पाठ करायचं आणखी एक चित्र वाटतं. हाताचं तर शरीरच सांगतं. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची असतात, वर्षागणिक एकेक हाड घडू लागतं आणि आठवं दिसू लागायला साधारण आठ ते बारावं वर्ष उजाडतं. बोटांचे बारीक स्नायू आणि त्यांच्यावरचा ताबाही असाच हळूहळू येतो. कणकेचा गोळा मळणं, लसूण सोलणं, मणी ओवणं, ओल्या मातीत रेघा ओढणं, कागद फाडून चिकटवणं यांतून हा ताबा येतो. साडेतीन वर्षांच्या मुलाकडून चौकटीच्या वहीत पानभर ‘अ’ गिरवून घेतला तर बहुतेकदा पेन्सिल मुठीत घट्ट धरण्याची सवय लागते, आणि ती सोडवताना पहिलीच्या शिक्षकांच्या नाकी नऊ येतात.

बालवाडीतल्या शिक्षणाचा परिणाम किती टिकतो, याबद्दल दोन अमेरिकी प्रयोग शेजारी ठेवून पाहावेत. पहिला मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावातला, पेरी शाळेचा, १९६२ ते १९६७. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली तीन-चार वर्षांची १२३ मुलं. त्यांतल्या ५८ जणांना बालवाडी मिळाली, ६५ जणांना नाही, आणि ही विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केलेली. रोज सकाळी अडीच तास शाळा. मुलाने आज काय करायचं ते स्वतः ठरवायचं, करायचं, आणि मग काय केलं ते सांगायचं. शिवाय शिक्षिका दर आठवड्याला दीड तास मुलाच्या घरी जाऊन आईसोबत काम करीत. बुद्ध्यंकात झालेली वाढ काही वर्षांत विरून गेली, आणि तेव्हा अनेकांनी प्रयोग फसल्याचं म्हटलं. पण ती मुलं चाळिशीला पोहोचली तेव्हा त्यांच्यात शालान्त शिक्षण पूर्ण केलेल्यांचं प्रमाण अधिक होतं, कमाई अधिक होती, अटक झालेल्यांचं प्रमाण कमी होतं. दुसरा प्रयोग टेनेसी राज्याच्या सरकारी बालवर्गांचा, जवळपास तीन हजार मुलांचा. बालवर्ग संपताना ही मुलं अक्षरओळखीत पुढे होती. सहावीत पोहोचेपर्यंत ती प्रवेश न मिळालेल्या मुलांच्याही मागे पडली आणि त्यांच्याबद्दलच्या वर्तनाच्या तक्रारीही जास्त होत्या. २०२२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा खळबळ उडाली. याचं नेमकं कारण प्रयोगातून सिद्ध झालेलं नाही. पण अभ्यासकांपैकी डेल फॅरन यांनी बोट ठेवलं ते वर्गातल्या दिनक्रमावर: सगळ्यांना एकत्र बसवून सांगणं फार, मुलांचं ऐकणं फार थोडं. नुसती बालवाडी असणं पुरेसं नाही, एवढं तरी या दोन प्रयोगांतून निःसंशय दिसतं; आत काय चालतं त्यावर बरंच ठरत असावं.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे मुलांना मोकळं सोडून द्यायचं का? नाही. नुसत्या मोकळ्या खेळातून सगळं आपोआप येतं, हा भाबडेपणा आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये ३९ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा आठ वर्षांखालच्या मुलांसाठी सुरुवातीच्या गणितात आणि आकारांच्या ज्ञानात फायद्याचा ठरला तो मोठ्यांनी दिशा दिलेला खेळ. थेट शिकवण्यापेक्षा सरस, आणि इतर बाबतींत निदान तेवढाच चांगला. त्यात ताईंचं काम कमी होत नाही, उलट वाढतं. ठोकळ्यांशी खेळणाऱ्या मुलाजवळ जाऊन ‘हा मनोरा दर वेळी इकडेच का पडतोय?’ हा प्रश्न नेमक्या वेळी टाकणं, आणि उत्तर यायची वाट पाहणं, याला फळ्यावर लिहून देण्यापेक्षा अधिक तयारी लागते.

याहून गंभीर आक्षेप गरीब पालकांच्या बाजूने येतो. शिकलेल्या घरातलं मूल खेळत राहिलं तरी त्याला अक्षरं मिळतीलच. आमच्या मुलाला ती शाळेतच मिळणार, तर तिथेही तुम्ही खेळच देणार का? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्याला महाराष्ट्रात एकदा उत्तर दिलं गेलं आहे, आणि ते आपण विसरलो याचं मला फार वाईट वाटतं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरींचं महागडं साहित्य तिथे परवडणारं नव्हतं. त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे, माती यांतून साधनं तयार केली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यांवरच्या अंगणांत नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हे काम वाढलं. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळाही निघाली. आदिवासी मुलांना कमी प्रतीचं काहीतरी द्यायचं म्हणून हे केलेलं नव्हतं. सर्वोत्तम शास्त्रीय पद्धत सर्वांत गरीब मुलापर्यंत न्यायची, हा त्यामागचा आग्रह होता. दुसरा दाखला जमैकाचा. किंग्स्टनमध्ये १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बाळांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जाऊन, घरातल्याच टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी बाळाशी कसं खेळायचं आणि बोलायचं ते आईला दाखवत. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी या मुलांची कमाई तशा भेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक होती.

अंगणवाडीबद्दल बोलताना सेविकेच्या वाट्याला येणारा वेळ विसरून चालणार नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली; आज तिच्याखाली एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरणासाठी निरोप, गरोदर महिलांच्या भेटी, मोबाइलवर माहिती भरणं, आणि उरल्या वेळात पूर्वप्राथमिक शिक्षण. हे सगळं मानधनावर. तमिळनाडूत कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला: निवडक अंगणवाड्यांत फक्त शिकवण्यासाठी एक अर्धवेळ जादा सेविका दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात मुलांचं गणित आणि भाषा सुधारली, आणि मूळ सेविकेला सवड मिळाल्याने कुपोषणही घटलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत मानला, २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडाही खेळाधारित आला. पण वर्गात मुलाचं ऐकायला माणूसच नसेल तर आराखडा कागदावर राहतो.

इंग्रजीचा प्रश्न उरतोच. इंग्रजी शिकायला हवी, त्याबद्दल वाद नाही. पण आळीपाळीचं बोलणं हाच कणा असेल, तर ते दोघांनाही सहज येणाऱ्या भाषेतच होऊ शकतं. आई मोडक्या इंग्रजीत ‘ईट फास्ट, सिट डाउन’ एवढंच बोलू लागली की मटारच्या दाण्यांबद्दलचं ते सगळं संभाषण घरातून जातं. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तर घर तरी मराठीत, अहिराणीत, कोरकूत, कोकणीत भरपूर बोलतं ठेवावं. पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत नेता येते. आईवडील दोघंही नोकरी करतात, वेळ कुठे आहे, ही अडचणही खरी आहे. मात्र इथे मागितला आहे तो वेगळा काढलेला वेळ नव्हे. आंघोळ, जेवण, बाजार, झोपण्यापूर्वीची दहा मिनिटं ही असतातच. त्यांत मोबाइल मुलाच्या हाती दिला जाऊ नये एवढं पाहावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली आहे, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगलं, असंही म्हटलं आहे.

पालकांनो, शाळेला वही हवी असते कारण तुम्ही वही मागता. पुढच्या पालकसभेत ‘किती अक्षरं झाली?’ हे विचारू नका. माझ्या मुलाने या आठवड्यात ताईंना कोणता प्रश्न विचारला, एका ताईकडे किती मुलं आहेत, आणि त्यांना प्रत्येकाशी बोलायला सवड मिळते का, हे विचारा. तुमच्या गावची किंवा वस्तीची अंगणवाडी असेल तर ग्रामसभेत, नगरसेवकाकडे एकच मागणी लावून धरा: तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, दुसरं कुठलंही काम न लादलेली आणि पूर्ण पगार मिळणारी एक शिक्षिका.